उंची सारखी, पदके वेगळी: महिलांच्या उंच उडीत क्रम नेमका कसा ठरतो?

उडीवालीची_आई

नमस्कार. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमधील महिलांच्या उंच उडीची अंतिम फेरी मी आणि माझ्या मुलीने रात्री जागून पाहिली होती. युक्रेनची यारोस्लावा माहुचिख आणि ऑस्ट्रेलियाची निकोला ओलिस्लागर्स या दोघींनीही २.०० मीटर उंची पार केली. तरीही माहुचिखला सुवर्ण आणि ओलिस्लागर्सला रौप्य मिळाले. त्याखाली मात्र ऑस्ट्रेलियाची एलेनॉर पॅटरसन आणि युक्रेनची इरिना हेराशचेंको या दोघींना १.९५ मीटरवर कांस्यपदक विभागून देण्यात आले. वरच्या दोघींची बरोबरी मोडायची आणि खालच्या दोघींची तशीच ठेवायची, हे कोणत्या तर्काने होते, ते तेव्हा मला मुलीला समजावून सांगता आले नाही.

गेल्या महिन्यात हाच प्रश्न आमच्या घरात पुन्हा उभा राहिला, आणि या वेळी तो जिव्हाळ्याचा होता. जिल्हास्तरीय शालेय स्पर्धेत माझ्या मुलीने १.२०, १.२५ आणि १.३० या तिन्ही उंची पहिल्याच प्रयत्नात पार केल्या, १.३३ ला ती एकदा चुकली आणि दुसऱ्या प्रयत्नात यशस्वी झाली. दुसरी मुलगी १.२० ला एकदा आणि १.३० ला दोनदा चुकली होती, पण १.३३ तिने पहिल्याच प्रयत्नात पार केली. १.३६ दोघींनाही जमली नाही. सुवर्ण त्या मुलीला मिळाले. माझ्या मुलीचे म्हणणे असे, की तिच्या नावापुढे एकच फुली (चुकलेल्या प्रयत्नाची खूण) आहे आणि समोरचीच्या नावापुढे तीन आहेत, मग ती पहिली कशी? शिवाय तिसऱ्या क्रमांकासाठी दोन मुली सर्व बाबतींत समान ठरल्या होत्या; पदक एकच शिल्लक असल्याने आयोजकांनी चिठ्ठी टाकून निकाल दिला. मला तक्रार करायची नाही, पण नियम समजून घ्यायचा आहे, कारण मुलगी रोज विचारते आणि मी गप्प बसते.

निवृत्त_पंच

ताई, आपण दोन्ही मुलींच्या फुल्या उंचीनुसार दिल्या आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. सुवर्णाचा निकाल बरोबर आहे. कांस्याचा निकाल चुकीचा आहे.

बरोबरी झाली की पंच सर्वांत आधी एकच गोष्ट पाहतात: दोघींनीही जी शेवटची उंची पार केली, ती कोणी कमी प्रयत्नांत केली? इथे ती उंची १.३३ आहे. त्या मुलीने पहिल्या प्रयत्नात केली, आपल्या मुलीने दुसऱ्या प्रयत्नात. प्रश्न तिथेच मिटला. एकूण फुल्या मोजण्याची वेळ येते ती या पहिल्या पायरीवरही दोघी सारख्या ठरल्या तरच, आणि त्या वेळीसुद्धा शेवटच्या पार केलेल्या उंचीपर्यंतच्याच फुल्या धरतात. बाहेर पडताना १.३६ वर ज्या तीन फुल्या पडल्या, त्या या हिशेबात येत नाहीत. जर आपली मुलगी आणि ती मुलगी या दोघींनीही १.३३ दुसऱ्या प्रयत्नात पार केली असती, तर मात्र एकूण चुका कमी असल्याने सुवर्ण आपल्या मुलीचे झाले असते.

पॅरिसमध्ये नेमके हेच घडले. माहुचिखने २.०० मीटर पहिल्या प्रयत्नात पार केले, ओलिस्लागर्सने तिसऱ्या प्रयत्नात, आणि त्यापुढे दोघींपैकी कोणालाही जाता आले नाही. त्याच्या चार आठवडे आधी, ७ जुलै २०२४ रोजी, पॅरिसमध्येच माहुचिखने २.१० मीटरची उडी मारून बल्गेरियाच्या स्टेफ्का कोस्तादिनोव्हाचा १९८७ पासून टिकलेला २.०९ मीटरचा विश्वविक्रम मोडला होता. पण ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत त्या दहा सेंटिमीटरांचा काही उपयोग नव्हता. तिला सुवर्ण मिळाले ते २.०० मीटरच्या रकान्यात फुली नव्हती म्हणून.

आपल्या मुलीला आणखी एक गोष्ट जरूर सांगावी. ज्या नियमाने माहुचिखला ते सुवर्ण दिले, त्याच नियमाने तिच्याकडून आधी दोन सुवर्णे काढून घेतली होती. २०१९ च्या दोहा जागतिक स्पर्धेत, नुकतीच अठरा वर्षांची झालेली असताना, तिने २.०४ मीटर पार केले, पण तिसऱ्या प्रयत्नात. मारिया लासित्स्केनेने तीच उंची पहिल्या प्रयत्नात पार केली होती. २०२२ मध्ये अमेरिकेतील यूजीन येथे पॅटरसन आणि माहुचिख या दोघींनी २.०२ मीटर पार केले; पॅटरसनने पहिल्या, माहुचिखने दुसऱ्या प्रयत्नात. दोन्ही वेळा तिची उंची विजेतीइतकीच होती आणि दोन्ही वेळा तिला रौप्य मिळाले.

आता कांस्याविषयी. दोन्ही पायऱ्यांवर बरोबरी कायम राहिली आणि प्रश्न पहिल्या क्रमांकाचा नसेल, तर खेळाडूंना तोच क्रमांक विभागून द्यायचा असतो. पॅटरसन आणि हेराशचेंको यांना म्हणूनच दोन स्वतंत्र कांस्यपदके मिळाली. सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेतही हेच झाले. तिथे ओलिस्लागर्स आणि पोलंडची मारिया झोदझिक या दोघींनी २.०० मीटर पार केले, सुवर्ण ओलिस्लागर्सला मिळाले, आणि १.९७ मीटरवर माहुचिख आणि सर्बियाची अँजेलिना तोपिच यांनी कांस्य विभागून घेतले. चिठ्ठी टाकून क्रमांक ठरवण्याची तरतूद उंच उडीच्या नियमांत कुठेही नाही. पदक एकच असेल तर आयोजकांनी दुसरे मागवावे, निदान प्रमाणपत्रावर दोघींचाही तिसरा क्रमांक लिहावा. जिची चिठ्ठी निघाली नाही, त्या मुलीच्या पालकांना आपण हे कळवलेत तर फार बरे होईल, कारण शालेय स्पर्धांच्या प्रमाणपत्रांवर पुढे बरेच काही अवलंबून असते.

जुनी_पाने

पंचकाकांनी नियम नेमका सांगितला आहे. हा नियम कायम असाच नव्हता, आणि त्या बदलाची झळ एकाच बाईला दोन वेगवेगळ्या बाजूंनी लागली, ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

महिलांची उंच उडी ऑलिंपिकमध्ये १९२८ साली ॲमस्टरडॅम येथे आली आणि कॅनडाच्या एथेल कॅथरवुडने १.५९ मीटरवर पहिले सुवर्ण मिळवले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये ब्रिटनची सोळा वर्षांची डोरोथी ओडम, हंगेरीची इबोल्या चाक आणि जर्मनीची एल्फ्रिडे काउन अशा तिघी १.६० मीटरवर अडल्या. ओडमने ती उंची इतरांपेक्षा कमी प्रयत्नांत पार केली होती, म्हणजे आजच्या नियमाने सुवर्ण तिचे होते. परंतु त्या काळी बरोबरी मोडण्यासाठी फुल्या मोजत नसत, पुन्हा उडी मारायला लावत. त्या जादा उडीत १.६२ मीटर फक्त चाकने पार केले आणि ओडमला रौप्य मिळाले.

मध्ये महायुद्ध आले आणि १९४० व १९४४ ची ऑलिंपिके झालीच नाहीत. १९४८ साली लंडनमध्ये तीच डोरोथी, आता लग्नानंतरचे टायलर हे आडनाव घेऊन आणि दोन मुलांची आई होऊन, पुन्हा अंतिम फेरीत उतरली. तिने आणि अमेरिकेच्या अ‍ॅलिस कोचमनने १.६८ मीटर पार केले. तोपर्यंत प्रयत्न मोजण्याची पद्धत आली होती. कोचमनने ती उंची पहिल्या प्रयत्नात पार केली होती, टायलरने दुसऱ्या. पुन्हा रौप्य. ज्या नियमाने बर्लिनमध्ये तिला जिंकवले असते तो बर्लिनमध्ये नव्हता, आणि लंडनमध्ये तो आला तो तिच्या विरुद्ध उभा राहिला. विजेतीइतकीच उंची दोन ऑलिंपिकमध्ये, बारा वर्षांच्या अंतराने पार करूनही तिच्या वाट्याला सुवर्ण आले नाही.

कोचमनचे यश यामुळे तसूभरही कमी होत नाही. ऑलिंपिक सुवर्ण जिंकणारी ती पहिली कृष्णवर्णीय महिला ठरली, आणि जिथे गोऱ्यांच्या मैदानांवर तिला सरावाला प्रवेश नव्हता अशा जॉर्जिया राज्यातून ती आली होती. त्या दिवशीच्या दोघींपैकी कोण मोठी, हे मला ठरवता येत नाही आणि ठरवायचेही नाही.

सरळ_विचार

मला हा नियम पटत नाही आणि तसे स्पष्ट लिहितो. ज्या खेळाडूने पूर्ण स्पर्धेत एकच चूक केली, तिला तीन चुका करणारीच्या मागे ठेवणे म्हणजे सातत्याची किंमत शून्य करणे होय. या ताईंच्या मुलीने अधिक स्वच्छ स्पर्धा केली, हे कोणताही प्रेक्षक सांगेल. आधी एकूण चुका मोजाव्यात आणि त्यातही बरोबरी झाली तर शेवटची उंची पाहावी, असा क्रम का असू नये?

२००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये क्रोएशियाची ब्लांका व्लाशिच सलग ३४ स्पर्धा जिंकून आली होती. बेल्जियमच्या तिया हेलेबोने २.०५ मीटर पहिल्या प्रयत्नात पार केले, व्लाशिचने दुसऱ्या प्रयत्नात, आणि एका फुलीपायी ती मालिका ऐन ऑलिंपिकमध्ये संपली. मी तो सामना पाहिला आहे, आणि तेव्हापासून हा नियम मला सलतो.

निवृत्त_पंच

आपला आक्षेप मी मैदानावर अनेक पालकांकडून ऐकला आहे आणि तो चुकीचा आहे असे म्हणून मी तो झटकणार नाही. तरीही मला सध्याचा क्रम योग्य वाटतो. उंच उडी ही सर्वांत मोठी उंची कोण गाठते याची स्पर्धा आहे. खालच्या उंची या त्या उंचीपर्यंत नेणाऱ्या पायऱ्या आहेत. सर्वांत कठीण उंचीवर जी अधिक सहजतेने गेली, तिला आधी मान द्यायचा, आणि तिथेही दोघी सारख्या असतील तेव्हा पायऱ्यांवरची स्वच्छता पाहायची, असा त्यामागचा विचार आहे. एकूण चुका आधी मोजल्या, तर फार खालच्या उंचीपासून उड्या मारत येणारीला आणि उशिरा सुरुवात करणारीला एकच माप लागणार नाही, कारण एकीने नऊ उड्या मारलेल्या असतात आणि दुसरीने चार.

पहिल्या क्रमांकाची बरोबरी मात्र वेगळी हाताळतात. ती दोन्ही पायऱ्यांनंतरही टिकली, तर जादा उड्या होतात: शेवटच्या पार केलेल्या उंचीच्या पुढच्या उंचीपासून सुरुवात, प्रत्येकीला एकच प्रयत्न, दोघी चुकल्या तर काठी दोन सेंटिमीटर खाली, दोघी यशस्वी झाल्या तर दोन सेंटिमीटर वर. खेळाडूंनी पुढे उडी न मारण्याचे ठरवले, तर पहिला क्रमांक विभागला जातो. पुरुषांमध्ये २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये कतारचा मुताझ बार्शिम आणि इटलीचा जियानमार्को तांबेरी यांनी असे सुवर्ण वाटून घेतले. पॅरिसमध्ये न्यूझीलंडचा हॅमिश कर आणि अमेरिकेचा शेल्बी मॅकीवेन जादा उड्यांना उतरले आणि करने २.३४ मीटरवर सुवर्ण जिंकले. बर्लिनच्या त्या १९३६ च्या पद्धतीचा एवढाच अंश आज उरला आहे.

उडीवालीची_आई

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. मुलीला सर्व वाचून दाखवले. डोरोथी टायलरची हकीकत ऐकून ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग तिने मला तो परिच्छेद पुन्हा वाचायला सांगितला. चिठ्ठीत मागे राहिलेल्या मुलीच्या आईशी मी उद्याच बोलते.

आता मुलीचे दोन प्रश्न आहेत. पहिला असा, की १.३३ ला पहिली उडी चुकल्यावर, समोरची आधीच पार झालेली असताना, तिने काय करायला हवे होते? आणि दुसरा असा, की पुढच्या वेळी तिने १.२० ऐवजी १.२५ पासून सुरुवात करावी का?

मैदानावरचा

मी गेली अनेक वर्षे मुलामुलींना उड्या शिकवतो, म्हणून याचे उत्तर देण्याचे धाडस करतो.

एखाद्या उंचीवर एकदा किंवा दोनदा चुकल्यानंतर उरलेले प्रयत्न त्या उंचीवर न घेता पुढच्या उंचीसाठी राखून ठेवता येतात. त्याला आपण ‘पास’ म्हणतो. खेळाडू बाहेर पडते ती सलग तीन चुका झाल्यावर, मग त्या एका उंचीवर असोत वा दोन. आपल्या मुलीची पहिली उडी चुकली तेव्हा १.३३ पार करूनही ती त्या मुलीच्या पुढे जाणार नव्हती. पुढे जाण्यासाठी तिला १.३६ लागणारच होती. तेव्हा पास देऊन उरलेले दोन्ही प्रयत्न १.३६ वर घ्यायचे, किंवा १.३३ पार करून १.३६ साठी ताजे तीन प्रयत्न मिळवायचे, असे दोन रस्ते होते. तिने दुसरा निवडला आणि माझ्या मते तो बरोबर होता, कारण वयाच्या मानाने तिला अजून पुष्कळ उड्या मारायच्या आहेत आणि रौप्यही त्यामुळेच पक्के झाले.

पॅरिसमध्ये ओलिस्लागर्सपुढे हाच पेच अधिक तीव्र स्वरूपात होता. कांस्य १.९५ वर ठरले, म्हणजे काठी २.०० मीटरवर चढली तेव्हा तिचे रौप्य निश्चित झाले होते. त्या उंचीवर ती दोनदा चुकली, आणि माहुचिख पहिल्याच उडीत पार गेली होती. तिसरा प्रयत्न पुढे नेला असता, तर सुवर्णासाठी तिच्याकडे एकच उडी उरली असती. तिने २.०० मीटरवरच तिसरी उडी घेतली, ती पार केली आणि पुढच्या उंचीसाठी पूर्ण तीन प्रयत्न मिळवले. त्या उडीने तिचा क्रमांक बदलला नाही, पण तिला लढत सोडावी लागली नाही. मला त्या अंतिम फेरीतील ती सर्वांत मोलाची उडी वाटते.

सुरुवातीच्या उंचीबाबत घाई करू नये, असे माझे मत आहे. माहुचिख दोन उड्यांच्या मध्ये चक्क झोपण्याच्या पिशवीत पडून राहते आणि आपली शक्ती राखते. तिला कमी उड्यांत काम भागवावेच लागते. पंधरा वर्षांच्या मुलीला मात्र धाव जुळवण्यासाठी एक-दोन सोप्या उड्या लागतात. १.२० पहिल्या प्रयत्नात जात असेल, तर ती उडी वाया जात नाही.

खरी मेहनत पहिल्या प्रयत्नावर घ्यावी. आपल्याकडे सरावात मुली एका उंचीवर दहा-दहा उड्या मारतात आणि सातवी पार झाली की आनंदाने घरी जातात. स्पर्धेत सातवी उडी नसते. मी आठवड्यातून एक दिवस असा ठेवतो, की प्रत्येक उंचीला एकच उडी. चुकली तर ती उंची त्या दिवसापुरती संपली. पहिल्या महिन्यात मुली रडकुंडीला येतात, पण त्यानंतर धावेची निशाणी लावण्यात कोणी हयगय करत नाही.

फॉस्बरी पद्धतीत, म्हणजे पाठीवरून काठी ओलांडण्याच्या आजच्या शैलीत, धावेचा पहिला भाग सरळ आणि शेवटची चार-पाच पावले वळणावर असतात. त्या वळणावर शरीर आतल्या बाजूला झुकलेले राहिले, तरच उडीच्या क्षणी ते ताठ होऊन वर जाते. मुली शेवटच्या दोन पावलांत काठीकडे सरळ धावू लागतात, आणि तिथेच सगळे बिघडते. आपल्या मुलीची १.३३ ची पहिली उडी कशी चुकली, ते तिला विचारा. वर जातानाच काठीला धक्का लागला असेल, तर पाय काठीच्या फार जवळ पडला होता. खाली येताना काठीवर बसली असेल, तर फार लांबून उडी घेतली. आणि केवळ टाचा लागल्या असतील, तर कंबर पार झाल्यावर पाय वर उचलायला उशीर झाला. तीन चुकांचे तीन वेगळे उपाय आहेत. ओलिस्लागर्स प्रत्येक उडीनंतर वहीत लिहिते आणि स्वतःच्या उडीला गुण देते, ते आपण टीव्हीवर पाहिले असेलच. तशी एक वही घेऊन द्या.

आपल्या देशातही प्रेरणा शोधायला फार लांब जावे लागत नाही. सहाना कुमारीने २०१२ साली १.९२ मीटरचा राष्ट्रीय विक्रम केला आणि ती लंडन ऑलिंपिकला गेली. हरियाणातील एका गवंड्याची मुलगी पूजा सिंग बांबूच्या काठीवरून आणि भुसा भरलेल्या पोत्यांवर पडत उडी शिकली, आणि २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील गुमी येथे तिने १.८९ मीटरवर आशियाई सुवर्ण जिंकले.

उडीवालीची_आई

सर, तिला विचारले. ती म्हणाली, टाचा लागल्या होत्या. मला आश्चर्य वाटले ते याचे, की तिला हे नेमके आठवत होते आणि आजवर कोणी तिला विचारलेच नव्हते, मीसुद्धा नाही. तिसऱ्या क्रमांकाच्या त्या दुसऱ्या मुलीच्या आईशीही बोलणे झाले. दोघींच्या पालकांनी मिळून आयोजकांना पत्र द्यायचे ठरले आहे, आणि जिला पदक मिळाले तिच्या वडिलांनी स्वतःहून त्यावर सही करायचे कबूल केले. पत्राचा मसुदा मी उद्या इथे टाकते. पंचकाका, त्यातील नियमाची भाषा आपण तपासून द्यावी, ही विनंती.

निवृत्त_पंच

अवश्य टाका. दोन्ही मुलींचा प्रत्येक उंचीवरील शून्य-फुलीचा तक्ता पत्राला जोडा आणि मूळ नोंदपत्रकाची प्रत मागा. तक्ता समोर असला की वाद घालायला जागा राहत नाही.